पिसलेला कॅट आणि ‘जन्मजात फोटोग्राफिक स्मरणशक्ती’चा दावा

पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांमधून एक मजकूर गेली काही वर्षे पुन्हा पुन्हा फिरत असतो. त्याच्यासोबत बहुधा एक छोटी चित्रफीत असते. मंचावर दहा-बारा वर्षांची एखादी मुलगी उभी असते, पत्त्यांच्या कॅटवरून तिने एकदाच नजर फिरवलेली असते आणि मग ती बावन्न पत्ते ओळीने, न अडखळता सांगत जाते. खालचा मजकूर थोड्याफार फरकाने असा असतो : असे करू शकणाऱ्यांना जन्मतःच फोटोग्राफिक स्मरणशक्ती असते, सामान्य माणूस मेंदूचा जेमतेम दहा टक्के भाग वापरतो आणि ही मुले उरलेला नव्वद टक्केही वापरतात, बावन्न पत्त्यांच्या संभाव्य क्रमांची संख्या विश्वातील ताऱ्यांहून मोठी असल्यामुळे साध्या मेंदूला हे काम अशक्यच आहे, ही शक्ती प्रत्येक मुलात सुप्त असते, पण चौदा वर्षांच्या आत जागवली नाही तर कायमची जाते, आणि ती एकदा जागली, की मूल पाठ्यपुस्तकाचे पानही एका नजरेत पाठ करते. पुरावा हवा असेल तर चित्रफीत पाहा, असे शेवटी लिहिलेले असते.

मी शाळेत गणित शिकवतो. पिसलेल्या कॅटचा क्रम लक्षात ठेवण्याची कला मी वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी शिकलो. पहिला पूर्ण कॅट पाठ करायला मला चाळीस मिनिटे लागली होती. आज, मन स्वस्थ असेल तर, तीन ते चार मिनिटे लागतात. स्पर्धकांच्या तुलनेत ही गती अगदी सामान्य आहे, पण हे काम आतून कसे चालते हे सांगण्यापुरता अनुभव माझ्याकडे आहे. या मजकुरातला जवळजवळ प्रत्येक दावा चुकीचा आहे, आणि तो ज्या मुलांचे कौतुक करतो असे वाटते त्यांच्याच परिश्रमावर पाणी टाकतो, म्हणून हा प्रतिवाद सविस्तर लिहीत आहे.

पहिला दावा फोटोग्राफिक स्मरणशक्तीचा. कॅट पाठ करणारा माणूस पत्त्यांचे छायाचित्र मनात काढून ठेवतो आणि नंतर ते पाहून वाचतो, अशी ही कल्पना आहे. प्रत्यक्षात तो पत्ता पत्ता म्हणून लक्षात ठेवतच नाही. अभ्यास सुरू करण्यापूर्वीच त्याने बावन्नही पत्त्यांना प्रत्येकी एक व्यक्ती, त्या व्यक्तीची एक कृती आणि तिची एक वस्तू नेमून दिलेली असते, आणि ही नेमणूक पाढ्यांसारखी तोंडपाठ केलेली असते. माझ्या यादीत चौकट सत्ती म्हणजे महेंद्रसिंह धोनी, कारण त्याच्या पाठीवरचा आकडा सात. त्याची कृती षटकार ठोकणे आणि वस्तू बॅट. इस्पिक गुलाम म्हणजे कोळी. कृती जाळे फेकणे आणि वस्तू पापलेट. किलवर दुर्री म्हणजे पहाटे दारी येणारा वासुदेव. कृती गिरकी घेत नाचणे आणि वस्तू मोरपिसांची टोपी.

आता पिसलेल्या कॅटमधून हे तीन पत्ते याच क्रमाने निघाले, की पहिल्याची व्यक्ती, दुसऱ्याची कृती आणि तिसऱ्याची वस्तू घेऊन एकच चित्र करायचे : धोनी मोरपिसांच्या टोपीवर जाळे फेकतो आहे. हेच तीन पत्ते उलट-सुलट आले, म्हणजे आधी किलवर दुर्री, मग चौकट सत्ती आणि शेवटी इस्पिक गुलाम असे आले, तर चित्र वेगळे होते : वासुदेव पापलेटला षटकार ठोकतो आहे. क्रम वेगळा लक्षात ठेवावा लागत नाही, कारण तो चित्राच्या घडणीतच बसलेला असतो. तीन पत्त्यांची अशी १,३२,६०० वेगवेगळी चित्रे होऊ शकतात, आणि त्यांतले एकही आधी पाठ करावे लागत नाही; पाठ करायची ती फक्त बावन्न पत्त्यांची यादी. तीन-तीन पत्ते एकत्र केल्यावर अख्ख्या कॅटची सतरा चित्रे होतात आणि एक पत्ता उरतो.

ही अठरा चित्रे ठेवायची कुठे, हा पुढचा प्रश्न. त्यासाठी ओळखीच्या जागेतला एक मार्ग लागतो. माझा मार्ग रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या जुन्या घराचा आहे : गडग्याचे बेडे म्हणजे कुंपणाचे फाटक, तुळशीवृंदावन, खळे, ओटीची पायरी, झोपाळा, माजघराचा उंबरा, देवघर, चूल, मागील पडवी, न्हाणी, विहिरीचा रहाट, गोठा, असे करत अठरा ठिकाणे होतात. बेड्याशी धोनी जाळे फेकत उभा असतो, तुळशीपाशी दुसरे चित्र, खळ्यात तिसरे. आठवताना मी मनाने घरात शिरतो आणि ठिकाणाहून ठिकाणी जात समोर दिसेल त्याचे पुन्हा पत्त्यांत भाषांतर करतो. ही युक्ती फार जुनी आहे. ग्रीक कवी सिमोनिदीस याच्या नावावर ती सांगितली जाते, आणि रोमन वक्ता सिसेरो याने इसवी सनापूर्वी ५५ मध्ये वक्तृत्वावर लिहिलेल्या ग्रंथात तिचे वर्णन आहे. त्या काळी ती भाषणे लक्षात ठेवण्यासाठी होती. पत्त्यांना ती खूप नंतर लागू झाली.

छायाचित्राची कल्पना किती अपुरी आहे, हे चुकांवरून सर्वांत स्पष्ट कळते. सुरुवातीच्या काळात मी इस्पिक गुलामाच्या जागी वारंवार किलवर पंजी सांगत असे. डोळ्यांना हे दोन पत्ते मुळीच सारखे नाहीत : एकावर चेहरा आहे, दुसऱ्यावर पाच ठिपके. पण माझ्या यादीत किलवर पंजी म्हणजे मूठभर बी फेकून पेरणारा शेतकरी होता, आणि कोळ्याचे जाळे फेकणे व शेतकऱ्याचे बी फेकणे या दोन कृती मनात एकमेकींत मिसळत असत. शेतकऱ्याला मी फेकण्याऐवजी औत धरायला लावले, तेव्हा ती चूक थांबली. दुसऱ्या प्रकारची चूक म्हणजे एखादे ठिकाण रिकामे सापडणे. झोपाळ्यावर काय होते ते आठवत नाही, आणि म्हणून तेरावा, चौदावा आणि पंधरावा असे सलग तीन पत्ते एकदम नाहीसे होतात, तर बाकीचे एकोणपन्नास जागच्या जागी असतात. छायाचित्र फिकट झाले तर ते असे तीन-तीनच्या तुकड्यांत फिकट होणार नाही, आणि कॅमेरा कोळ्याला शेतकरी समजणार नाही.

याची तपासणी प्रयोगशाळेतही झालेली आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील एलेनॉर मॅग्वायर आणि सहकाऱ्यांनी असामान्य स्मरणासाठी नावाजलेल्या दहा जणांचा अभ्यास करून तो २००३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांतले बरेचजण जागतिक स्मरण स्पर्धेत खेळलेले होते. बुद्धिमत्तेच्या चाचण्यांत ते इतरांहून वेगळे ठरले नाहीत, त्यांच्या मेंदूच्या रचनेतही फरक सापडला नाही; फरक होता तो पाठ करताना मेंदूचे कोणते भाग कामाला लागतात यात, आणि ते भाग जागा व वाटा लक्षात ठेवण्याशी संबंधित होते. दहापैकी नऊ जण ठिकाणांच्या मार्गाची हीच पद्धत वापरत होते. या अभ्यासातली मला सर्वांत बोलकी वाटणारी गोष्ट निराळीच आहे. त्यांना तीन प्रकारची सामग्री दिली होती : तीन अंकी संख्या, माणसांचे चेहरे आणि हिमस्फटिकांच्या आकृत्या. संख्यांमध्ये ते इतरांच्या खूप पुढे होते, चेहऱ्यांमध्ये ही आघाडी कमी झाली आणि हिमस्फटिकांमध्ये ती जवळजवळ उरलीच नाही. ज्याच्या डोक्यात कॅमेरा आहे त्याला हिमस्फटिक सर्वांत सोपा जायला हवा. संख्यांसाठी तयार यादी असते आणि हिमस्फटिकांसाठी ती नसते, एवढ्या एका गोष्टीने या निकालाचा उलगडा होतो. एखादे चित्र समोरून काढून घेतल्यावरही काही काळ ते ‘दिसत’ राहण्याचा अनुभव काही लहान मुलांत आढळतो हे खरे आहे, परंतु तो थोडा वेळ टिकतो आणि त्यातही चुका असतात. मंचावर दिसते ते हे नव्हे.

दहा टक्के मेंदूच्या दाव्यावर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे दोन टक्के असते आणि तो शरीराच्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे वीस टक्के खर्च करतो. नव्वद टक्के भाग निकामी ठेवून इतका महाग अवयव बाळगणे कोणत्याही प्राण्याला परवडले नसते. मेंदूच्या कोणत्याही भागाला इजा झाली तर काही ना काही बिघडते, आणि स्कॅनमध्ये कायम मौन असलेला असा कोणताही मोठा प्रदेश सापडत नाही. कॅट पाठ करणारा माणूस सर्वांकडे असलेलाच मेंदू एका विशिष्ट रीतीने वापरतो.

तिसऱ्या दाव्याकडे मात्र गणिताचा शिक्षक म्हणून मला थांबावेसे वाटते, कारण त्यातली आकडेवारी बरोबर आहे आणि अनुमान चुकीचे आहे. बावन्न पत्ते एकूण किती प्रकारे मांडता येतील, याचे उत्तर ५२ पासून १ पर्यंतच्या सर्व संख्यांचा गुणाकार हे आहे, आणि तो साधारण ८ वर ६७ शून्ये इतका येतो. नीट पिसलेला प्रत्येक कॅट बहुधा जगात प्रथमच त्या क्रमात आलेला असतो, हे विधानही त्यावरूनच निघते आणि ते खरे आहे. पण या प्रचंड संख्येला पाठ करणाऱ्याच्या कष्टाचे माप मानणे ही चूक आहे. त्याला सर्व मांडण्या लक्षात ठेवायच्या नसतात. समोर आलेली एकच मांडणी लक्षात ठेवायची असते, आणि एक मांडणी नेमकी सांगायला ६८ अंकी संख्या पुरते. तुलनेसाठी एवढेच पाहावे, की आठ मोबाइल क्रमांकांच्या संभाव्य जुळण्या कॅटच्या मांडण्यांहून कितीतरी जास्त आहेत. आठ मोबाइल क्रमांक तोंडपाठ असणारी माणसे एका पिढीपूर्वी घरोघरी होती, आणि त्यांच्या मेंदूविषयी कोणी असे मजकूर लिहीत नव्हते.

आणखी जवळचे उदाहरण घ्यायचे तर समर्थांचे मनाचे श्लोक घ्यावेत. श्लोक २०५ आहेत. भुजंगप्रयात वृत्तात प्रत्येक चरणाची बारा अक्षरे, म्हणजे एका श्लोकाची अठ्ठेचाळीस आणि सर्वांची मिळून ९,८४०. माझ्या आजीला ते सगळे येत होते आणि ती फक्त चौथीपर्यंत शिकली होती. यावर कोणी म्हणेल, की श्लोकांना अर्थ आहे, वृत्त आहे, एका ओळीचा हात धरून दुसरी येते. पत्त्यांना यांतले काहीच नाही. आक्षेप अगदी योग्य आहे, आणि कॅट पाठ करण्याचे सगळे तंत्र त्याच्या उत्तरातच आहे. वृत्त आणि अर्थ श्लोकासाठी जे काम करतात, तेच काम चित्रे आणि ठिकाणे पत्त्यांसाठी करतात. निरर्थक क्रमाला आपण आधी अर्थ देतो आणि मग तो अर्थ लक्षात ठेवतो.

चौथा दावा मला सर्वांत घातक वाटतो, कारण तो पालकांना घाबरवतो. चौदा वर्षांच्या आत शक्ती जागवली नाही तर ती जाते, असे म्हटले की तेरा वर्षांच्या मुलाची आई रात्री जागी राहते. या दाव्याला कोणताही आधार नाही. डॉमिनिक ओब्रायन हा इंग्रज गृहस्थ जागतिक स्मरण स्पर्धेचा पहिला विजेता. ही स्पर्धा १९९१ मध्ये लंडनमध्ये सुरू झाली आणि त्याने ती एकूण आठ वेळा जिंकली. १९८७ मध्ये क्रेटन कार्व्हेलो नावाच्या माणसाने दूरचित्रवाणीवर २ मिनिटे ५९ सेकंदांत एक कॅट पाठ केला, तो कार्यक्रम ओब्रायनने पाहिला आणि हे कसे होत असावे या कुतूहलाने तो कॅट घेऊन बसला. तेव्हा तो तीस वर्षांचा होता. त्याचा पहिला प्रयत्न २६ मिनिटे चालला आणि त्यात ११ चुका झाल्या, असे त्याने स्वतः सांगितले आहे. शाळेत तो हुशार गणला जात नव्हता हेही त्याने लपवलेले नाही. याच माणसाने २००२ मध्ये ५४ कॅट, म्हणजे २,८०८ पत्ते, प्रत्येक पत्ता एकदाच पाहून सांगितले आणि त्यात फक्त आठ चुका केल्या. ज्या सुप्त शक्तीची खिडकी चौदाव्या वर्षी बंद होते असे सांगितले जाते, तिची त्याला गरज पडलेली दिसत नाही.

एकट्या माणसाचे उदाहरण अपवाद म्हणून बाजूला सारता येईल, म्हणून अभ्यासाकडे वळू. नेदरलँड्समधील मार्टिन ड्रेसलर आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात स्मरणाचे कोणतेही शिक्षण न घेतलेल्या प्रौढ तरुणांचे तीन गट केले होते, आणि त्यांपैकी एका गटाने सहा आठवडे रोज अर्धा तास ठिकाणांच्या पद्धतीचा सराव केला. ७२ शब्दांच्या यादीतले आधी सरासरी २६ ते ३० शब्द आठवत होते. सरावानंतर या गटाला सरासरी ३५ शब्द जास्त आठवू लागले, आणि चार महिन्यांनी पुन्हा पाहिले तेव्हाही हा फायदा बऱ्याच अंशी टिकलेला होता. चौदा वर्षांची सीमा या सर्वांनी केव्हाच ओलांडलेली होती.

जन्मजात देणगीच्या कल्पनेविरुद्ध एक साधा ऐतिहासिक पुरावाही आहे आणि तो मला फार पटतो. १९८७ मध्ये तीन मिनिटांच्या आत कॅट पाठ करणे दूरचित्रवाणीवर दाखवण्याजोगे आश्चर्य होते. २००७ मध्ये बेन प्रिडमोरने तीस सेकंदांची सीमा ओलांडली, २०११ मध्ये सायमन राइनहार्डने २१.१९ सेकंद नोंदवले, २०१७ मध्ये चीनच्या त्झोउ लुच्यानने १३.९६ आणि २०१८ मध्ये मंगोलियाच्या शिजिर-एर्देने बात-एन्ख याने १२.७४ सेकंद. तीस वर्षांत माणसाचा मेंदू जन्मतः बदललेला नाही. बदलल्या त्या पद्धती. एका पत्त्याला एक चित्र देण्यावरून लोक दोन-तीन पत्त्यांना मिळून एक चित्र देण्यावर आले, दोन पत्त्यांच्या प्रत्येक जोडीसाठी स्वतंत्र चित्र पाठ करण्याइतका, म्हणजे २,६५२ चित्रांचा, अभ्यास काहींनी केला, स्पर्धकांनी आपल्या युक्त्या एकमेकांना मोकळेपणाने सांगितल्या आणि पुढच्यांनी त्या वर्षानुवर्षे रोज घोटल्या. बारा सेकंदांमागे हे सगळे आहे. त्याला ‘देणगी’ म्हणणे म्हणजे कुस्तीगिराच्या जोरबैठका न पाहता त्याच्या दंडांना दैवी म्हणणे होय.

पाचवा दावा हा साऱ्या मजकुराचा खरा गाभा आहे : कॅट पाठ होऊ लागला की एकंदर स्मरणशक्तीच वाढते आणि पाठ्यपुस्तकही एका नजरेत पाठ होते. येथे पिट्सबर्गमधील कार्नेगी मेलन विद्यापीठात झालेला एक प्रयोग सांगितला पाहिजे. विल्यम चेस आणि अँडर्स एरिक्सन यांनी तो १९८० मध्ये प्रसिद्ध केला. सामान्य बुद्धीचा एक विद्यार्थी वीस महिने, एकूण सुमारे २३० तास, एकच काम करीत राहिला : एका सेकंदाला एक या गतीने वाचलेले अंक ऐकायचे आणि तसेच परत म्हणून दाखवायचे. सुरुवातीला त्याला सात अंक आठवत. शेवटी ७९ आठवू लागले. तो धावपटू होता, आणि ३४९२ असे अंक ऐकू आले की तो त्यांचे ‘तीन मिनिटे ४९.२ सेकंद, मैलाच्या जागतिक विक्रमाजवळची वेळ’ असे रूपांतर करी. मग संशोधकांनी अंकांऐवजी अक्षरे वाचली. तो पुन्हा सहा अक्षरांवर आला. वीस महिन्यांनी त्याची स्मरणशक्ती रुंदावली नव्हती. अंकांपुरती एक अप्रतिम कारागिरी त्याने घडवली होती, आणि अक्षरांसाठी तिचा उपयोग शून्य होता.

पत्त्यांचेही तसेच आहे, आणि स्पर्धकांना हे पक्के ठाऊक असते. जागतिक स्पर्धेत दहा प्रकार असतात; पत्ते, अंक, नावे व चेहरे, शब्द अशा प्रत्येक प्रकाराची तयारी वेगळी करावी लागते. कॅट पाठ केल्याने सर्व काही पाठ होत असते, तर ही वेगळी तयारी कोणी केली नसती. मी तर याहून जवळचे उदाहरण घरातच पाहिले आहे. माझे आजोबा मेंढीकोट खेळताना कोणते पत्ते पडले आणि कोणाकडे काय शिल्लक असावे हे शेवटच्या हातापर्यंत अचूक सांगत, पण ते कोणत्या क्रमाने पडले हे त्यांना सांगता आले नसते आणि त्याची त्यांना गरजही नव्हती. मला बावन्न पत्त्यांचा क्रम सांगता येतो. आजोबांसारखा डाव मात्र मला आजही मोजता येत नाही. दोघांच्या हातात तोच कॅट आहे आणि तरीही एकाचे कौशल्य दुसऱ्याला मिळालेले नाही. तेथे पत्त्यांकडून पाठ्यपुस्तकाकडे ते आपोआप जाईल अशी आशा कशाच्या बळावर धरायची?

आणखी एक गोष्ट या मजकुरात कधीच येत नाही, ती म्हणजे विसरण्याची. सकाळी पाठ केलेला कॅट मला दुसऱ्या दिवशी सांगता येत नाही, आणि तो यावा अशी माझी इच्छाही नसते, कारण तुळशीवृंदावनापाशी कालचे चित्र रेंगाळत राहिले तर आजचे चित्र त्यात मिसळते. म्हणून सराव करणारे दोन-चार मार्ग आलटून पालटून वापरतात आणि जुनी चित्रे विरू देतात. हे कौशल्य मुळात काही मिनिटांसाठी घडवलेले आहे. वेदपाठशाळेत घनपाठ शिकणारा विद्यार्थी शब्द पुढे-मागे फिरवत, एक-दोन-दोन-एक-एक-दोन-तीन-तीन-दोन-एक-एक-दोन-तीन अशा बांधणीत वर्षानुवर्षे म्हणतो, तेव्हा ती संहिता जन्मभर टिकते. त्यात वेग नाही, उजळणी आहे. शालेय अभ्यासाची गरज या दुसऱ्या प्रकाराच्या जवळची आहे. नववीच्या मुलाला बीजगणिताची सूत्रे मार्चपर्यंत टिकवायची असतात, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे कोणते सूत्र कोठे लावायचे हे समजायला हवे असते. ठिकाणांच्या पद्धतीचा त्याला मर्यादित उपयोग नक्की होईल. नद्यांची यादी, इतिहासातल्या घटनांचा क्रम, मूलद्रव्यांची मांडणी तिने चांगली लक्षात राहते, आणि माझ्या वर्गात मी ती आनंदाने शिकवतो. पण प्रमेयाची सिद्धता घराच्या ओटीवर ठेवता येत नाही, ती समजून घ्यावी लागते. शिवाय यादी टिकवायची असेल तर उद्या, चार दिवसांनी आणि पंधरा दिवसांनी ती पुन्हा आठवून पाहावी लागते. हे न करता केवळ चित्रे रंगवली, तर परीक्षेपर्यंत ती उडून जातात.

राहिला चित्रफितीचा पुरावा. अशी प्रत्येक चित्रफीत खोटी असते असे मी म्हणत नाही. बरीच मुले खरोखर कष्टाने शिकलेली असतात. पण मंचावर बावन्न पत्ते ओळीने सांगितले गेले, एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही, कारण तेच दृश्य स्मरणाशिवायही उभे करता येते. जादूगारांमध्ये फार पूर्वीपासून प्रचलित असलेली एक मांडणी आहे : प्रत्येक पुढचा पत्ता मागच्याहून तीनने मोठा (राजा म्हणजे तेरा, त्यानंतर पुन्हा एक्क्यापासून मोजायचे) आणि रंग ठरलेल्या फेरीने. चौकट सत्ती, मग किलवर दश्शी, मग बदाम राजा, मग इस्पिक तिर्री, मग चौकट छक्की, असे ते चालते. वरवर पाहता हा कॅट पिसलेलाच वाटतो, आणि तो कितीही वेळा कापला तरी ही साखळी तुटत नाही. पहिला पत्ता कळला की उरलेले एक्कावन्न केवळ मोजून सांगता येतात. पिसल्याचा देखावा करून क्रम तसाच राखणे ही जादूगाराची रोजची हातोटी आहे.

खरे पिसणे कशाला म्हणावे याचेही गणित झालेले आहे. डेव्ह बेयर आणि पर्सी डायाकोनिस यांनी १९९२ मध्ये दाखवले, की कॅटचे दोन भाग करून त्यांच्या कडा एकमेकींत सोडत पिसण्याच्या पद्धतीने सुमारे सात वेळा पिसल्यावर पत्ते चांगले मिसळतात. आपण घरी एका हातातून दुसऱ्या हातात थोडे थोडे पत्ते टाकत पिसतो, त्या पद्धतीला याहून कितीतरी जास्त वेळा पिसावे लागते, कारण शेजारचे पत्ते मोठ्या संख्येने शेजारीच राहतात. मंचावर दोनदा हात हलवून पिसलेला कॅट हा पिसलेला कॅट नव्हे. स्पर्धेत ही अडचण साध्या नियमाने सोडवली आहे : पिसलेला कॅट पंचांच्या देखरेखीखाली स्पर्धकासमोर येतो, तो पाठ करायला जास्तीत जास्त पाच मिनिटे मिळतात, मग त्याला दुसरा, वेगळ्या क्रमाचा कॅट दिला जातो आणि पाच मिनिटांत तो पहिल्यासारखा लावायचा असतो. शेवटी दोन्ही कॅट शेजारी ठेवून एकेक पत्ता उलटला जातो आणि जेथे पहिला फरक सापडतो तेथे मोजणी थांबते. कोणी आपल्या शहरात असे प्रात्यक्षिक ठेवले, तर दुकानातून आणलेला बंद कॅट प्रेक्षकांतल्या एखाद्याने उघडून कडा एकमेकींत सोडण्याच्या पद्धतीने स्वतः सात वेळा पिसावा आणि मग याच नियमाने तपासावा, एवढीच विनंती पालकांनी करावी. ज्याने कला शिकली आहे त्याची या विनंतीला हरकत नसते.

ज्यांना हे शिकायचे आहे, त्यांना वयाची अट नाही आणि वर्गाची गरजही नाही. पहिल्या रविवारी फक्त बदामाचे तेरा पत्ते वेगळे काढावेत आणि प्रत्येकाला ओळखीची एक व्यक्ती द्यावी; कृती आणि वस्तू नंतर येतील. राजाला घरातले वडीलधारे, राणीला एखादी आवडती गायिका, सत्तीला सात आकड्याचा खेळाडू, असे जे स्वतःला पटेल ते नेमावे, कारण दुसऱ्याची यादी उसनी घेतली तर ती मनात रुजत नाही. मग घराच्या दारापासून स्वयंपाकघरापर्यंत तेरा ठिकाणे क्रमाने ठरवावीत, त्या वाटेने दोनदा प्रत्यक्ष चालून यावे, तेरा पत्ते पिसावेत आणि एकेका ठिकाणी एकेका व्यक्तीला काहीतरी करताना पाहावे. वेळ मोजू नये. तेराही ओळीने सांगता आले, की दुसऱ्या आठवड्यात इस्पिक घ्यावे.